बेचाळीस होकार आणि एक हत्ती

मी आयुष्यभर नक्की काय विकलं, हे मला सत्तराव्या वर्षापर्यंत पक्कं ठाऊक होतं. एकाहत्तराव्या वर्षी नातीनं मला तिच्या धंद्यात ओढलं आणि तेव्हापासून मी गोंधळलेली आहे. हे वाचून तुमचाही गोंधळ उडाला, तर माझ्या सोबतीला कुणीतरी आलं असं समजेन.

आधी जुना धंदा. दिवाळीत पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात, त्याच्यावर मांडायची जी मातीची माणसं असतात त्यांना आमच्याकडे 'चित्रं' म्हणतात. मावळे, तोफा, गवळण, वाघ, विहिरीवरची बाई. माझे यजमान साचे करायचे, मी ते भरायचे आणि रंगवायचे. दसरा झाला की लोणावळ्याच्या बाजारात आमची फळी लागायची, ती दिवाळीपर्यंत. चाळीस वर्षांच्या वर हे केलं.

लग्न होऊन आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. ब्रश कुठल्या बाजूनं धरायचा ठाऊक नव्हतं, पण तोरा बघावा! पहिल्याच वर्षी मी ठरवलं की मावळ्यांच्या चेहऱ्यावर तेज हवं, आणि सगळ्यांच्या गालांना लाली लावली. अख्खी फळी करवल्यांसारखी नटली. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "यांचं लग्न कधी आहे?" तर मी त्यालाच सुनावलं की तुम्हाला कलेतलं काय कळतंय. शिवाय प्रत्येकाच्या पायाखाली सुईनं 'सु' असं कोरायची मी. सुमनचा सु. पुढच्या पिढ्यांना कळावं, म्हणून. तळपायाला! जिथं किल्ल्याची ओली माती बसणार, तिथं.

माझे घोडे तर कुत्र्यांसारखे दिसायचे. लोणावळ्यात घोडे काही कमी नव्हते. पण घोड्याकडे बघितलं की घोडेवाला माझ्याकडे बघायचा, म्हणून मी मान खाली घालून जायची. यजमानांनी एकदा विचारलं, "हे भुंकतात का?" त्यांच्यावर मी दोन दिवस रुसले होते.

एक गंमत सांगते, म्हणजे तुम्हाला हा धंदा कळेल. किल्ल्यावरचा प्रत्येक मावळा कमरेवर हात ठेवून का उभा असतो? लोकांना वाटतं, रुबाब. रुबाब कसला! मोकळा हात साच्यातून निघताना मोडतो. हात अंगाला चिकटलेला हवा, भाला खांद्याला टेकलेला हवा. आमच्या मावळ्यांची सगळी ऐट ही मोडू नये म्हणून केलेली सोय आहे.

आणि धंद्याचा दुसरा नियम: गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. कुणी दसऱ्याला येऊन सांगायचं, "काकू, मला शिंग फुंकणारा हवा, पांढरा फेटा." मी म्हणायची, "हो, करते की." दिवाळीला तो यायचा तेव्हा फळीवर जे असेल ते न्यायचा. कदाचित तोफ न्यायचा. तो रागवायचा नाही, मीही ओशाळायची नाही. तो 'हो' म्हणजे आलेल्या माणसाला बसायला पाट दिल्यासारखं होतं. सगळ्या मावळाला हे ठाऊक होतं.

यजमान गेले, फळी बंद झाली, आणि मी बेगडेवाडीला नातीकडे राहायला आले. मुक्ता तिचं नाव. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे आराखडे काढायची चांगली नोकरी होती. ती तिनं सोडली आणि म्हणाली, "आजी, मी खेळ बनवणार आहे."

खेळ म्हणजे टेबलावर मांडायचा. एक पट, त्यावर गड, आणि बोटाच्या पेराएवढी माणसं. सूर्य मावळायच्या आत पाणी, धान्य, गवत, सरपण सगळं गडावर पोचवायचं, कारण तिन्हीसांजेला दरवाजा बंद होतो. राहिलेला माणूस रात्रभर बाहेर. लढाई नाही. मला वाटलं, हा खेळ आहे का घरकाम? पण मुक्ताला या खेळासाठी चित्रं हवी होती, आणि चित्रं म्हटल्यावर माझे हात आपोआप पुढे झाले.

मी वीतभर उंचीचं माणूस मेणासारख्या मातीत करायचे. मुक्ता ते यंत्रासमोर फिरवायची, संगणकात घ्यायची आणि पेराएवढं बारीक करून छापायची. छापायची म्हणजे कागदावर नाही हो, आख्खा माणूसच. पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. नाक गायब. डोळे म्हणजे दोन ठिपके. एवढ्या लहान मापात चेहरा राहतच नाही. माणूस ओळखू येतो तो उभं राहण्यावरून, वाकण्यावरून. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मी गालांवर लाली लावत बसले होते.

आता गोंधळाचा भाग. खेळाची खोकी तयार व्हायच्या आधीच लोकांनी पैसे द्यायचे. त्याला क्राउडफंडिंग म्हणतात. मी मुक्ताला म्हणाले, ही तर जत्रेची वर्गणी. ती म्हणाली, तसंच समज. मग मला फार सोपं वाटलं, कारण वर्गणीचं मला सगळं ठाऊक होतं. वर्गणी देणारा प्रत्येक माणूस मांडवाचं तोंड कुठं असावं ते सांगतो. इथंही तेच. पैसे दिलेले लोक वेबसाइटवर लिहायचे: दरवाजा मोठा करा, गाढव घ्या, पायऱ्या कमी करा. त्यांचं ऐकायचंही असतं म्हणे. काही चित्रं तर त्यांच्या मतानंच ठरायची.

नववं चित्र कुठलं असावं यावर मतदान झालं. मी पाण्याची बाई सुचवली होती. निवडून आला हत्ती.

"गडावर हत्ती?" मी म्हणाले. "या पायऱ्यांवरनं?"

"लोकांनी निवडलाय, आजी."

"लोकांनी पायऱ्या बघितल्यात का?"

"त्यातले निम्मे परदेशात आहेत."

मी दोन दिवस धुसफुसले आणि मग हत्ती केला. पहिल्या दरवाज्यात फतकल मारून बसलेला, सोंड पोटाशी, पुढं जायचं नाव नाही. लोकांना तो इतका आवडला की मुक्तानं त्याचा नियमच करून टाकला: हत्ती बसला की वाट बंद. आजही सगळ्यांत जास्त कौतुक त्या हत्तीचं होतं. ते कौतुक मी घेते, आणि पाण्याची बाई मी हट्टानं दहावी म्हणून घुसवली, हेही सांगून ठेवते.

लोकांना 'आजी' फार आवडायला लागली. फोटोत माझे मातीनं भरलेले हात दिसायचे, त्याखाली लोक बदाम टाकायचे. मुक्ता एक दिवस म्हणाली, "आजी, तूच उत्तरं देत जा ना. मराठीत लिही, त्यांना त्यांच्या भाषेत दिसेल." तिनं फोन माझ्या हातात दिला. माकडाच्या हातात कोलीत दिलं म्हणायचं ते हेच.

एक बाई लिहायची, आजी, दरवाज्यावरचा पहारेकरी झोपलेला दाखवा. मी लिहिलं, हो. दुसरा लिहायचा, पहारेकरी अगदी सावध हवा. त्यालाही हो. पुण्याच्या एका गृहस्थांना खेळातल्या कुत्र्याऐवजी त्यांचा तीन पायांचा कुत्रा गडावर हवा होता. हो. कुणाला पहारेकऱ्याला स्वतःचं तोंड हवं होतं. हो, हो. असे पाच जण. एकाच माणसाला पाच तोंडं! मला काहीच वावगं वाटलं नाही. दुपारी चहा घेत घेत मी फळी चालवत होते.

सगळ्यांत जास्त लिहायचे ते किसनभाऊ. त्यांनी सगळ्यांत लहान खोकं घेतलं होतं आणि सगळ्यांत मोठी पत्रं लिहायचे, नातीकडून टाइप करून घेऊन. मग एका गुरुवारी ते स्कूटरवरून दारातच आले. नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात जन्म गेला, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांची सुट्टी गुरुवारचीच.

"आक्का, तुमच्या पान्याच्या बाईचं चुकलंय," ते चप्पल काढता काढता म्हणाले.

"काय चुकलं?"

"डोईवर हंडा आन दोन्ही हात मोकळं. चढाला येक हात हंड्याला लावावाच लागतोय. न्हाईतर हंडा हितं आन बाई तितं."

"मोकळे कुठं? कमरेवर आहेत."

"कमरंवर? पानी आनाया चाललीया का भांडाया?"

मी चिडले. पण माती घेतली, आणि हात हंड्याला नेऊन चिकटवला. खरंच बाई चढायला लागली.

भाऊंची बायको, सोनाबाई, लोहगडवाडीला गडाच्या पायथ्याशी ताक विकायची. शनिवार-रविवार गडावर येणाऱ्या पोरांसाठी पायऱ्यांच्या तोंडाशी बसायची. तीन वर्षांमागं ती गेली. भाऊ आता लेकाकडे राहतात. पुढच्या गुरुवारी ते परत आले आणि म्हणाले, "आमच्या मंडळींला घालताय का त्या खोक्यात? ताकवाली म्हनून?"

मी म्हणाले, "हो, घालू की." आणि सवयीनं पुढं विचारलं, "कशी बसायची त्या?"

"डावा गुडगा वर. त्याच्यावर कोपर."

"ताक कुठल्या हातानं ओतायच्या?"

भाऊंनी हवेतच हात हलवून बघितले, आधी उजवा, मग डावा. "डाव्या," ते म्हणाले. "व्हय, डाव्याच. उजव्यात पदर असायचा." आणि मग बराच वेळ स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसले.

असे किती गुरुवार गेले मोजले नाहीत. मी विचारायची, ते आठवायचे, मी माती दाबायची.

आणि एका सकाळी वेबसाइटवर कुणीतरी लिहिलं: 'पहारेकऱ्याला माझा चेहरा देण्याचं आजींनी कबूल केलं आहे.' त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं: 'मलाही.' मग तिसऱ्यानं. मग कुत्रेवाले गृहस्थ आले. झोपलेला पहारेकरीवाली बाई आली. दुपारपर्यंत माझे सगळे होकार एकाखाली एक उभे राहिले, आणि काही जण लिहायला लागले की हा विश्वासघात आहे, आमचे पैसे परत करा. पुरेसे लोक निघून गेले असते तर खेळ तिथंच थांबला असता. मुक्तानं नोकरी सोडलेली, दुसरं काही हातात नाही.

मुक्तानं यादी केली. बेचाळीस निघाले. ती ओरडली असती तर मी रडले असते आणि विषय संपला असता. ती ओरडली नाही.

"आजी, तू यांना हो का म्हणालीस?"

"मग काय म्हणायचं? माणूस इतक्या लांबून मागतोय."

"पण तू करणार नव्हतीस."

"ते त्यांनाही ठाऊक असतं."

"त्यांना नाही ठाऊक, आजी. त्यांना ते वचन वाटलं."

मी खरंच गोंधळले. पाच तोंडांचा पहारेकरी कुणाला खरा कसा वाटेल? मग मी शूरपणा केला. म्हणाले, बेचाळीसच्या बेचाळीस करते, माझे हात अजून चालतात. मुक्तानं वेबसाइटवरच्या नावांची दुसरी यादी उघडली. ती केवढी तरी लांब होती.

"यांनी कुणीच काही मागितलं नाही," ती म्हणाली. "पैसे देऊन गप्प बसलेत. तुझी बेचाळीस चित्रं होईपर्यंत हे सगळे थांबणार. त्यांनी का थांबायचं?"

मला एक बाई आठवली. पवनेकडच्या कुठल्यातरी वाडीतून दर दिवाळीला यायची, पोरांसाठी चित्रं न्यायला. कधी पुढं घुसली नाही, कधी काही मागितलं नाही. गर्दीतल्या बोलघेवड्यांना देऊन होईपर्यंत ती मागं उभी. तिची पाळी यायची तेव्हा मोडकी चित्रं उरलेली असायची. मी हसत तिच्या हातात ठेवायची, "घ्या बाई, याचा हात लढाईत गेलाय." केवढी विनोदी समजायची मी स्वतःला! ती पण हसायची. काय करणार बिचारी. तिच्या पोरांच्या किल्ल्यावर वर्षानुवर्षं थोटी फौज उभी राहिली असेल. मी मागणाऱ्यांना हो म्हणत होते, आणि किंमत ती बाई देत होती, हे कळायला मला एवढा मोठा घोळ घालावा लागला.

मुक्ता म्हणाली, सगळ्यांसाठी मिळून एक माफीचं पत्र टाकू. मी म्हणाले, नाही. होकार एकेकाला दिलेत, नकारही एकेकाला जाईल. आणि आम्ही एक नियम ठरवला: कुणाच्याच मागणीचं खास चित्र नाही. एकाला दिलं तर बाकीच्यांशी खोटेपणा.

आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' लिहायला बसले. पहिल्या पत्राला अर्धी सकाळ गेली. त्यात मी हवापाणी विचारलं, तब्येत विचारली, खेळाचं कौतुक केलं. मुक्तानं वाचून विचारलं, "यात नाही कुठंय?" मग दुसऱ्या वेळी सरळ लिहिलं. 'मी हो म्हणाले ते चुकलं. आमच्या बाजारात असं म्हणायची रीत होती. तुमच्याशी तसं वागायला नको होतं. तुमचं चित्र होणार नाही. आजी.'

आणि लोक कसे असतात बघा, मला अजून उमगलेलं नाही. कुत्रेवाल्या गृहस्थांनी लिहिलं, 'हरकत नाही. छापताना जेवढ्या कुत्र्यांचा पाय मोडेल तेवढे मला पाठवा.' पहारेकऱ्याच्या पाचांपैकी चौघं राहिले. झोपलेलावाली रागावून गेली आणि आठवड्यानं परत आली. आणि ज्यानं हत्तीसाठी सगळ्यांत जास्त गळा काढला होता, ज्याला हवं ते मिळालं होतं, तो निघून गेला! का, तर आजीनं इतरांना नाही म्हटलं म्हणून. थोडे गेले, पुष्कळ राहिले. खेळ तरला. हे लिहीत असताना साचे कारखान्यात गेलेले आहेत आणि मुक्ता दिवसातून चारदा तिथं फोन करते.

एकेचाळीस पत्रं गेली. बेचाळिसावं मला लिहवेना. मी मुक्ताला म्हणाले, भाऊंचं वेगळं आहे. ती म्हणाली, "कसं वेगळं? ते दारात येतात म्हणून?" बोलघेवडा पुढं आणि गप्प बसलेला मागं, हे पुन्हा तेच झालं असतं.

गुरुवारी भाऊ आले. मी चहा ठेवला, साखर घालायची विसरले. त्यांनी तसाच प्यायला.

"भाऊ, एक सांगायचंय. तुमच्या मंडळींचं चित्र खोक्यात जाणार नाही."

"ठावं हाय."

"मुक्ता बोलली?"

"ती कशाला बोलंल? आमी काय आज मावळात आलो व्हय? चितरंवाली व्हय म्हनली म्हंजी काय, ते आमच्या पोराला बी कळतंय. त्याला वाघ द्यायचं कबूल करून तुमच्याच फळीवर मांजार दिलतं."

"ते वाघच होतं," मी म्हणाले.

"आसंल."

मग मला राहवेना. "ठाऊक होतं तर गुरुवारच्या गुरुवारी येत कशाला होता? तेवढं पेट्रोल जाळून?"

भाऊंनी गुडघ्यावर हात चोळले. "तुमी इचारायच्या," ते म्हणाले. "कशी बसायची, कुटल्या हातानं वतायची. घरात कोन इचारतंय आता? सून म्हंती, आबा, तीन वरसं झाली की. तिचं बी खोटं न्हाई. पर तुमी इचारलं की मला आठवाया लागायचं, आक्का. डावा हात तर मी इसरूनच गेलतो."

मी विचारत होते ते चित्रासाठी. दुसरं काही माझ्या मनातही नव्हतं. ज्या एका माणसाला नाही सांगणं माझ्या अगदी जिवावर आलं होतं, त्यानं माझा होकार कधी खरा धरलाच नव्हता. आणि ज्यांनी धरला त्यांच्याशी मी चहा पीत पीत खोटं बोलले होते. मग या माणसानं पैसे कशाचे दिले? खेळ त्यांना येत नाही, खोक्यात बायको नाही. मी त्यांना काय विकलं? मुक्ताला विचारलं तर ती म्हणाली, "मला नको विचारूस, आजी, मी फक्त खोकी पाठवते."

फळकुटावर सोनाबाई अर्धीच होती. डावा गुडघा वर, डाव्या हातात तांब्या, उजव्यात पदर. मी ती उचलून ठेवायला गेले, तर भाऊ म्हणाले, "आज तिचं हासनं सांगनार हुतो."

"हसणं या मापात येत नाही, भाऊ. तोंड केवढं, ठिपक्याएवढं."

"त्वांड नगंच. हासताना ती मागं रेलायची. पार भितीला पाठ लागंस्तवर. ताक सांडायचं, तरी सुद नसायची."

तेवढं मात्र येतं. मी अंगठा ओला केला, तिच्या पाठीशी लावला आणि हळूच मागं ओढलं. भाऊ खुर्ची सरकवून जवळ आले, चष्मा कपाळावर चढवला, डोळे बारीक केले.

"आजून जरा मागं," ते म्हणाले.